मशीनखोलीची पानं

३ मार्च, सोमवार

खारूने दोन वह्या आणून दिल्या. एक निळी, एक तपकिरी. म्हणाली, "मावशी, निळीत रोज लिहायचं. मशीनखोलीत सकाळी शिरल्यापासून निघेपर्यंत जे जे करतेस ते सगळं. बारीकसारीकसुद्धा."

मी म्हटलं, "चौथीनंतर हातात पेन धरलंय ते सही करायला."

"मग आता धर की. कोण मार्क देणार आहे?"

खारू माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा ही नऊ वर्षांची. तेव्हापासून माझ्याच घरात वाढली. लहानपणी खाऊ गालात साठवून तासन्‌तास बसायची, म्हणून खारू. आता गाल राहिले नाहीत, शिक्षणात गेले. गेल्या वर्षी आमच्याच कंपनीत कॉम्प्युटर विभागात लागली, वर्षाच्या करारावर. मीच साहेबांच्या टेबलासमोर उभी राहून सांगितलं होतं, पोरगी हुशार आहे, एकदा बघून तर घ्या.

गेल्या रविवारच्या आधीच्या रविवारी, २३ तारखेला, जेवायला आली तेव्हा मध्येच विचारत होती, "मावशी, तू महिनाभर नसलीस तर मशीनखोली कशी चालेल गं?" मी म्हटलं, "नाही चालणार." आमचे हे मशीनवर बाही शिवत होते, ते म्हणाले, "म्हणून तर बाईसाहेब सुट्टी घेत नाहीत." सगळे हसलो. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तपकिरी वही माझ्याकडेच ठेवली. कामाचं निळीत. हिच्यात माझं.

४ मार्च, मंगळवार

निळीत तीन पानं भरली. मनगट दुखतंय.

आमचं औषधांचं गोदाम आहे. दुकानं आणि दवाखाने काय हवं ते कळवतात, ते सगळं तळघरातल्या मशीनवर येतं, तिथून वर याद्या निघतात आणि सकाळी गाड्या भरतात. सतरा वर्षांपूर्वी मी त्या खोलीत झाडू घेऊन आले. तेव्हाचे म्हातारे साहेब म्हणाले होते, "बाई, धूळ पुसता पुसता दिव्यांकडे बघत जा." बघत गेले. कोणता दिवा कधी हिरवा, कधी पिवळा, कोणत्या पंख्याचा आवाज बदलला, सगळं हातात बसलं. आता लाईट गेली, मशीन अडली, की वरून फोन मलाच येतो.

मशीनना नंबर आहेत, पण नंबर कोणाच्या लक्षात राहतात. मी नावं ठेवलीत. आजी सगळ्यात मोठी, सगळी माहिती तिच्या पोटात. रडकी ऑर्डरी घेते, जरा काही झालं की टूं टूं सुरू. जुळ्या दोन, एक बिलं काढते, एक गाड्यांच्या याद्या. खारूला सांगितलं, नावंसुद्धा लिहू का? म्हणाली, "लिही, मी नंबर करून घेईन."

६ मार्च, गुरुवार

साहेबांनी सगळ्यांना उभं करून भाषण दिलं. हे साहेब नवे, दोन वर्षं झाली. टेबलावर पेनसुद्धा सरळ रेषेत. मी मनात टापटीप म्हणते.

भाषणाचं सार असं. विभागात जे जे ज्याच्या ज्याच्या डोक्यात आहे ते एका ठिकाणी लिहून ठेवायचं. त्याला विकी म्हणतात. म्हणजे सगळ्यांची मिळून एक वही, कागदाची नाही, पडद्यावरची. एकाने पान लिहायचं, दुसऱ्याने भर घालायची, चुकलं तर तिसऱ्याने दुरुस्त करायचं. आणि ही वही बाहेरच्या कोणाच्या मशीनवर ठेवायची नाही, आपल्याच खोलीत ठेवायची. आपली गुपितं आपल्या घरात. "आजपासून," टापटीप म्हणाले, "जे लिहिलेलं नाही, ते नाहीच असं समजायचं."

तारा जोडणारा आमचा जुना माणूस आहे, तारवाला. तोंडाला कुलूप नाही. तो मागून म्हणाला, "मग माझा पगारवाढीचा शब्द कुठल्या पानावर आहे?" टापटीप हसले नाहीत.

विकीला मशीन हवं होतं. नवीन मिळायला वेळ लागणार. मीच म्हटलं, मागच्या कपाटात एक जुनं पडलंय, चांगलं आहे. काढलं, फुंकलं, पुसलं, आजीच्या खालच्या फळीवरची खोकी हलवून जागा करून दिली. खारूने आणि तारवाल्याने दुपारपर्यंत त्यात काय काय भरलं. पानं मात्र आजीच्याच पोटात ठेवायची ठरली, तिथं जागा भरपूर. नव्या मशीनचं नाव मी पाहुणी ठेवलं.

११ मार्च, मंगळवार

खारू दिवसभर माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसली. मी करायचं, तिने विचारायचं.

"हे बटण किती वेळ दाबायचं?"

"सुटेपर्यंत."

"मावशी, सुटेपर्यंत म्हणजे किती सेकंद?"

"मला काय माहीत. बोटाला कळतं."

तिने फोनमधलं घड्याळ लावून माझं बोट मोजलं. सात सेकंद. मग आजीच्या पाठीवर मी तळहात ठेवते ते तिने बघितलं. विचारलं, का? म्हटलं, आतलं चक्र नीट फिरत असेल तर हाताला गुदगुल्या होतात, नसेल तर ठोके लागतात. तिनेही हात ठेवला. मला कळेना म्हणाली. मी तिचा हात धरून दोन बोटं खाली सरकवला. मग कळलं तिला. तोंड असं झालं की जणू चौथीत पाढे पाठ झाले.

एवढं ध्यान देऊन माझं कोणी ऐकलं नव्हतं कधी. घरीही नाही. घरी तर नाहीच.

१९ मार्च, बुधवार

लाईट जाऊन सगळं बंद पडलं तर परत चालू करायचा क्रम आज सांगितला. हे सगळ्यात महत्त्वाचं. आधी एसी. मग तारांचा डबा, ज्यातून सगळ्या तारा जातात. मग आजी. आजीचे तीन हिरवे दिवे लुकलुकायचे थांबून स्थिर झाले पाहिजेत, तोवर दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. मग रडकी. मग जुळ्या. आजी जागी व्हायच्या आधी रडकीला उठवलं तर ती आजीला शोधते, सापडत नाही, आणि अशी रुसते की सगळं बंद करून पहिल्यापासून करावं लागतं. ते सोडवायची वेगळी तऱ्हा आहे. तीही सांगते म्हटलं, पण तेवढ्यात तिला वर बोलावलं. टापटीप तिला फार बोलावतात हल्ली. पोरीचं चांगलं चाललंय.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. ते टीप घालता घालता म्हणाले, "सगळं सांगून मोकळी होऊ नकोस."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. मापं घेतली की गिऱ्हाईक दुसऱ्या शिंप्याकडे जातं कधी कधी."

मी म्हटलं, माझी भाची आहे ती, गिऱ्हाईक नाही. ह्यांना सगळ्यांवर संशय घ्यायची खोड आहे. सुईच्या नेढ्यातून जग बघतात.

२७ मार्च, गुरुवार

निळी वही पूर्ण झाली. खारूला दिली. मला चपला आणल्या होत्या तिने, मऊ तळव्याच्या. म्हटलं, माझा काही वाढदिवस नाही. म्हणाली, "असू दे, तळघरात फरशी गार असते." दुपारी वर जाऊन आली तर डोळे लाल. विचारलं तर म्हणे सारखं पडद्यासमोर बसून. औषध घाल म्हटलं. आपल्याच गोदामात वीस तऱ्हेची आहेत.

चपला बरोबर बसल्या.

२ एप्रिल, बुधवार

वरच्या मजल्यावर कागद कापायचं मशीन आहे, बारीक पट्ट्या करतं. त्याची पिशवी रिकामी करायला गेले. पिशवीत निळ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या. एका पट्टीवर माझा "आजी" मधला अर्धा आ.

खारूला विचारलं. म्हणाली, "मावशी, तुझ्या वहीत पासवर्ड होते. तसं कागदावर ठेवायचं नसतं. आता सगळं विकीत गेलंय ना."

बरोबर आहे. तरी मला सांगायचं होतं. अख्खा महिना मनगट मोडून लिहिलं होतं, निदान एकदा बघून घेतलं असतं. पण नियम तो नियम.

मी विकीतली माझी पानं अजून बघितली नाहीत. खारूने मला वाचायपुरतं खातं काढून दिलंय. लिहायचं नाही, वाचायचं.

८ एप्रिल, मंगळवार

आज दुपारी मशीनखोलीतल्या पडद्यावर विकी उघडली. मी वाचते हळू, बोट ठेवून. पहिलं पान सापडलं, आजीचं. आजी कुठे नाही, नंबर आहे. सात सेकंद आहेत. तळहात आहे, तो असा: "यंत्राच्या मागील बाजूस कंपन तपासावे." माझाच हात आणि मलाच ओळखू येईना. पण चूक काही नाही, पोरीने छान लिहिलंय.

बाजूला सगळ्या पानांची यादी होती. एक पान होतं, "मशीनखोली: एका व्यक्तीवरील अवलंबित्व कमी करणे." हा शब्द मी तीनदा वाचला. मग पान उघडलं. चार ओळी होत्या. पहिल्या तीन मी लिहून घेतल्या नाहीत, चौथी पाठ झाली. "नोंदी पूर्ण झाल्यावर सदर पद रद्द करता येईल."

सदर पद म्हणजे मी. खोलीत दुसरं कोण आहे. एसीला काही पद नाही.

टापटीपचंच काम. पेनं सरळ रेषेत लावणारा माणूस, त्याला मी वाकडी दिसत असणार. समोर बोलायची हिंमत नाही म्हणून पानावर. आणि माझ्या पोरीला पुढे करून माझ्याकडून सगळं काढून घेतलं, तिला काही कळू न देता. तिला सांगायला फोन केला की बाई, तुला वापरून घेतायत. म्हणाली, "मावशी, मीटिंगमध्ये आहे, नंतर." नंतर आला नाही फोन.

९ एप्रिल, बुधवार

सकाळी तारवाल्याला पडद्यासमोर ओढत नेलं. म्हटलं, हे बघ टापटीपचे प्रताप.

त्याने वाचलं. मग म्हणाला, "ताई, हे साहेबांनी लिहिलंय असं कोणी सांगितलं?"

"दुसरं कोण लिहिणार?"

"वर बघा. इतिहास म्हणून बटण आहे. कुठल्याही पानावर कोणी कधी काय लिहिलं, काय खोडलं, सगळं राहतं. विकीचं असंच असतं." आणि बटणावर बोट ठेवून थांबला. "दाबू का? नाही दाबलं तरी चालेल."

मी स्वतः दाबलं.

आमच्या खारूचं नाव. पूर्ण, आडनावासकट, माझ्या बहिणीच्या घरचं आडनाव. तारीख २० फेब्रुवारी. पान पहिल्यांदा केलं ती. मी बोटावर मोजलं. २३ ला जेवायला आली, तू नसलीस तर कशी चालेल गं. ३ ला वह्या. पान मात्र सगळ्याच्या आधी.

विकी तर तेव्हा आमच्या मशीनवर नव्हतीच. तारवाला म्हणाला, आधी तिच्या स्वतःच्या लॅपटॉपवर करून बघत होती, ती पानं तारखेसकट इकडे आणली.

खाली अजून दोन ओळी होत्या. २७ मार्च, दुपार. चौथी ओळ खोडली, खारू. मग अर्ध्या तासाने, चौथी ओळ परत घातली, खारू. तारवाला म्हणाला, "बघा, खोडली होती तिने." मी म्हटलं, परतही लिहिली. एकदा लिहिलं तर माणूस म्हणेल चुकून. दोनदा लिहिलं ते चुकून नाही.

केसाने गळा कापला. तोही मी वेणी घालून दिलेल्या केसाने.

संध्याकाळी घरी बोलावलं. आली. मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस," मी म्हटलं. "वीस फेब्रुवारीचं पान बघितलं मी."

ती खाली बघत राहिली. हे म्हणाले, "बस तरी." ती उभीच.

"मावशी, माझा करार मार्चमध्ये संपत होता, एकच महिना वाढवून दिलाय. साहेब म्हणाले, विभागाचा एक तरी खर्च कमी करून दाखव, मग कायम करतो. मी नसतं लिहिलं तर दुसऱ्या कोणी लिहिलं असतं."

"मग दुसऱ्याला लिहू द्यायचं होतं. मी त्याला हात धरून आजीच्या पाठीवर हात ठेवायला शिकवलं नसतं."

"तुला वर काम देतील असं बोलले होते ते."

"कसलं काम?"

तिने पिशवीचा पट्टा खांद्यावर ओढला.

"झाडलोट," मी म्हटलं. "सतरा वर्षांनी परत झाडू. सांग ना, तोंडात काय साठवून बसलीस?"

मग ती पहिल्यांदा वर बघून बोलली. "तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, घे पोरी, माझी जागा घे. आणि मग मला आयुष्यभर ते ऐकवलं असतंस. आईसारखं मी तुला कसं वाढवलं, कसं शिकवलं. मला तुझ्याकडून अजून एक घ्यायचं नव्हतं."

मी म्हटलं, "म्हणून चोरलंस."

ती गेली. हे तिच्या मागे दारापर्यंत गेले, डबा दिला की काय दिलं, मी बघितलं नाही. परत आल्यावर म्हणाले, "तुझी बाजू खरी आहे." जरा थांबून म्हणाले, "पण ऐकवतेस तू." मी त्यांना म्हटलं, तुम्ही बाह्या शिवा.

१० एप्रिल, गुरुवार

चपला कपाटाच्या तळाशी टाकल्या. जुन्या घालून गेले. फरशी गारच आहे.

११ एप्रिल, शुक्रवार

टापटीपनी बोलावलं. खुर्ची दिली, म्हणजे काहीतरी वाईट असणार. म्हणाले, रविवारी तालीम आहे. गोदाम बंद असतं, तेव्हा खोलीतलं सगळं बंद करायचं, आणि फक्त विकी वाचून परत चालू करायचं. खारू करणार. "तुम्ही हजर राहायचं, पण बोलायचं नाही, हात लावायचा नाही. बघायचंय की नोंदी पुरेशा आहेत का."

"आणि पुरेशा असल्या तर?"

त्यांनी पेन उचलून परत सरळ ठेवलं. "मग त्याप्रमाणे निर्णय होईल."

म्हणजे रविवारी ती पास झाली की मी नापास.

१३ एप्रिल, रविवार

हे सगळं नीट लिहून ठेवते. असा दिवस परत येणार नाही.

दहा वाजता सगळे जमले. टापटीप, खारू, तारवाला आणि वरच्या मजल्यावरचे दोघे, बघायला. मला कोपऱ्यात स्टूल. मी हात मांडीवर ठेवून बसले.

खारूने एकेक करून सगळं बंद केलं. जुळ्या, रडकी, पाहुणी, आजी, तारांचा डबा. एसीही. खोली इतकी शांत झाली की ट्यूबलाइटची गुणगुण ऐकू यायला लागली. सतरा वर्षांत ती मी ऐकली नव्हती.

टापटीपनी घड्याळ बघितलं. "हं, सुरू करा."

खारूने लॅपटॉप उघडला, विकीचं पान काढायला गेली. पान येईना. परत दाबलं. येईना. मग तिचा हात थांबला. मला तिच्या मानेवरून कळलं की तिला कळलं.

तारवाला भिंतीला टेकून म्हणाला, "किल्ली कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं."

टापटीपना कळेना. "काय झालं?"

"साहेब, विकी पाहुणीवर आहे," तो म्हणाला, त्यानेही माझंच नाव घेतलं. "आणि पाहुणी बंद आहे. सगळं चालू कसं करायचं ते ज्या पानावर लिहिलंय, ते पान सगळं चालू झाल्यावर दिसणार."

"मग आधी तेवढंच मशीन चालू करा."

केलं. पाहुणी उठली, पण तिची पानं आजीच्या पोटात. रिकामीच बसून राहिली. लॅपटॉपवरची जुनी पानं इकडे आणल्यावर पुसली होती. दुसरी एखादी प्रत? होती, तीही आजीमध्ये. वरचे दोघे एकमेकांकडे बघायला लागले. उद्या सकाळी सहाला गाड्या भरायच्या. साखरेच्या आजाराची सुयांची औषधं जायची आहेत, ती एक दिवस थांबत नाहीत.

खारू म्हणाली, मला आठवतंय, मी करते. एसी लावला, तारांचा डबा, आजी. पाठीवर हात ठेवला, बरोबर जागी. पण दिवे स्थिर व्हायच्या आधी टापटीप म्हणाले, "झालं का, झालं का," आणि तिने रडकीला उठवलं. टूं टूं टूं. आणि सगळं अडलं. ते सोडवायची तऱ्हा १९ मार्चला सांगायची राहिली होती. ती पुढेही कधी विचारली गेली नाही, मीही विसरले होते. आठवली ती त्या टूं टूं ने.

खारूने माझ्याकडे बघितलं. "मावशी."

मी म्हटलं, "मला बोलायचं नाही असं सांगितलंय."

टापटीप म्हणाले, "आता बोला."

"हातही लावायचा नाही असं सांगितलंय."

"लावा हो. लावा."

मी उठले. सावकाश. रडकीची मागची तार काढली, एक ते तीस मोजले, आजीला परत पहिल्यापासून झोपवलं, उठवलं, तीन दिवे स्थिर होईपर्यंत कोणाला श्वास घेऊ दिला नाही. मग तार लावली. मग रडकी, मग जुळ्या. टापटीप विचारत होते आणि मी मोठ्याने सांगत होते, का थांबायचं, किती थांबायचं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. पाऊण तासात खोली परत घुमायला लागली. वरच्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. तारवाल्याने नमस्कार केला, वाकून, मस्करीत, पण केला.

खारूने मान वर केली नाही. माझ्या मागेच उभी होती पॅड घेऊन, पूर्ण वेळ त्यात तोंड खुपसून, पेन चालवत. लाजेने दुसरं काय करणार.

टापटीप जाताना म्हणाले, "बरं झालं, ही उणीव आज कळली." कळली एकदाची. माझ्यावाचून चालत नाही हे आता सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलंय. कुठल्याही पानावर लिहायला नको.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "छान झालं." शिवण थांबवून माझ्याकडे बघत राहिले जरा. मग विचारलं, "पोरगी काय लिहीत होती?"

मी म्हटलं, मला काय माहीत.

२१ एप्रिल, सोमवार

आता माहीत झालं.

मशीनखोलीच्या भिंतीवर, दारातून शिरलं की समोरच, चार कागद लावलेत. प्लॅस्टिकच्या आवरणात, पाण्याने भिजू नयेत असे. मोठी अक्षरं. वरती लिहिलंय, "विकी बंद असल्यास." एसीपासून जुळ्यांपर्यंत. रडकी रुसली तर काय करायचं तेही. तार काढावी, तीस मोजावे. मी त्या दिवशी जे जे मोठ्याने बोलले ते ते सगळं.

तालमीत तिने चूक केली आणि मी ती दुरुस्त केली, सगळ्यांच्या देखत, टाळ्या घेत. ती तेवढंच मागत होती.

दुपारी पत्र आलं. १ मेपासून हे पद राहणार नाही. शेजारच्या इमारतीत अर्ध्या दिवसाची झाडलोट हवी असल्यास आठवड्यात कळवावे. गरज सरो, वैद्य मरो. मी तिथंच टापटीपना कळवून टाकलं, नको. आठवडा कशाला घालवायचा.

खारू कायम झाली. तारवाल्याकडून कळलं. तिने सांगितलं नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

ह्यांनी विचारलं, माझ्यासोबत काजं-बटणं करशील का घरी. म्हटलं, बघू. म्हणाले, "मी तुझं बोट मोजणार नाही." मला हसू आलं, मग राग आला की हसू आलं.

३० एप्रिल, बुधवार

शेवटचा दिवस. सगळ्या मशीन पुसल्या, मागूनसुद्धा. एसीच्या जाळ्या धुतल्या. माझा कप, माझं फडकं, म्हाताऱ्या साहेबांनी दिलेला छोटा टॉर्च, पिशवीत भरलं. तारवाला येऊन गेला, म्हणाला, "ताई, आता मी कोणाशी भांडू?" म्हटलं, भिंतीशी. तिथं सगळं लिहिलंय.

चार वाजता खारू खाली आली. महिनाभरात पहिल्यांदा एकटी. दारातच थांबली, जणू खोलीत यायला माझी परवानगी हवी.

"मावशी, एकदा हे कागद वाचून बघशील? जाण्याआधी. काही राहिलं असेल तर."

मी तिच्याकडे बघितलं. वाळलीये. बहिणीसारखी दिसते वाळली की. मला वाटलं आता काहीतरी दुसरं बोलेल. नाही बोलली.

मी भिंतीसमोर उभी राहिले आणि वाचलं. बोट ठेवून, पहिल्या कागदापासून चौथ्यापर्यंत. मग परत पहिल्यापासून. मग तिसऱ्यांदा. ती माझ्या बोटाबरोबर मान हलवत होती.

"बरोबर आहे का?"

"एक राहिलंय," मी म्हटलं.

"काय?"

मी पिशवी उचलली.

"मावशी, काय राहिलंय?"

"ते मी सांगणार नाही. शोध. मीही शोधूनच शिकले."

"असं करू नकोस. रात्री-बेरात्री मशीन अडली तर मला फोन येणार आहे, मला." तिचा आवाज लहानपणी झोपेतून उठल्यावर व्हायचा तसा झाला होता. "कुठल्या कागदावर ते तरी सांग."

मी दार लोटलं आणि जिना चढले. तिने जिन्याच्या खालून दोनदा हाक मारली. वरच्या मजल्यावर कोणीतरी विचारलं, निघालात का? म्हटलं, निघाले.

घरी आल्यापासून तिचे चार फोन आले. उचलले नाहीत. ह्यांनी जेवताना विचारलं, "खरंच काय राहिलंय गं?" त्यांनाही नाही सांगितलं.

काही राहिलेलं नाही. तीनदा वाचलं मी, एखादी तरी पायरी सुटलेली सापडेल म्हणून. तिने एकही सोडलेली नाही.